उताऱ्यावर उतारा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात लक्ष्मीबाई नगर येथे भरलेल्या पालक-मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत नाट्यप्रवेश आहे, भावगीतांची मैफल आहे आणि पुरणपोळीचे जेवणही आहे. या साऱ्यांच्या मध्ये प्रवेशपरीक्षेतील उताऱ्यांचा विषय आणून आम्ही दुधात मिठाचा खडा टाकीत आहोत, असे कोणास वाटल्यास नवल नाही. तथापि पन्नास वर्षांपूर्वी या वसाहतीतील चार सरकारी क्वार्टरांतल्या मंडळींनी एकत्र येऊन जे मंडळ काढले, ते केवळ गणपती बसविण्यासाठी नव्हते. आपल्या मुलांचे येथे कसे होणार, ही चिंता त्याच्या मुळाशी होती. ती चिंता अद्याप सरलेली नाही, तिने फक्त रूप पालटले आहे. म्हणून आपला थोडा वेळ मागण्याचे धाडस आम्ही करीत आहोत. आम्ही म्हणजे मंडळाचा रविवारचा वाचनवर्ग चालविणारे चौघे जण. आमच्यापैकी दोघे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, एक शिक्षिका आणि एक ग्रंथपाल. आम्ही तज्ज्ञ नाही. जे काही सांगणार आहोत ते मुलांबरोबर बसून, बरेचसे चुकून शिकलेले आहे.

प्रथम परिस्थितीचा विचार करू. दिल्ली विद्यापीठाच्या बहुतेक पदवी अभ्यासक्रमांचे प्रवेश २०२१ पर्यंत बारावीच्या गुणांवर होत. कट-ऑफची यादी लागली की घराघरांत सुतकी शांतता पसरे. २०२१ साली तर काही महाविद्यालयांनी काही विषयांसाठी शंभर टक्क्यांची अट लावली होती. २०२२ पासून चित्र बदलले. सामायिक विद्यापीठ प्रवेश परीक्षा, म्हणजे आपण जिला सीयूईटी म्हणतो ती, सुरू झाली. बारावी उत्तीर्ण होणे आवश्यक राहिले, परंतु गुणवत्तायादी या परीक्षेच्या गुणांवर लागू लागली. तिच्यात तेरा भारतीय भाषांच्या प्रश्नपत्रिका आहेत. इंग्रजी आणि हिंदी यांच्याप्रमाणे मराठीही त्यांत आहे, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसेल.

भाषेच्या या प्रश्नपत्रिकेचा गाभा म्हणजे उताऱ्यावरील प्रश्न. माहितीपर, कथनपर आणि साहित्यिक अशा तीन प्रकारचे उतारे असतात, आणि त्यांच्या जोडीला शब्दसंपत्तीचे व भाषिक जाणिवेचे प्रश्न असतात. २०२५ पासूनच्या पद्धतीत पन्नास प्रश्न आणि साठ मिनिटे आहेत, व सर्वच प्रश्न अनिवार्य आहेत. बरोबर उत्तरास पाच गुण मिळतात, चुकल्यास एक गुण वजा होतो. एकूण गुण अडीचशे. पाठ केलेली प्रश्नोत्तरे येथे कामास येत नाहीत, कारण उतारा मुलाने पूर्वी पाहिलेला नसतो. अर्थशास्त्रात हुशार असलेला मुलगा भाषेच्या प्रश्नपत्रिकेत घसरतो आणि हवे ते महाविद्यालय हातचे जाते, असे आम्ही एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे.

आता आमच्या स्वतःच्या चुकीची हकीकत सांगणे प्राप्त आहे. परीक्षेचे ते पहिलेच वर्ष होते. मंडळातील एका कुटुंबाची मुलगी आमच्याकडे सल्ल्यासाठी आली. घरात मराठी बोलणे, शाळेतही मराठी विषय घेतलेला, आणि त्या विषयात गुणही उत्तम. तिने भाषेच्या प्रश्नपत्रिकेसाठी मराठी निवडली. त्यात गैर काहीच नव्हते. परंतु या प्रश्नपत्रिकेची तयारी कशी करू, असे तिने विचारले तेव्हा आम्ही हसून म्हणालो, ‘अगं, मराठी तर घरचीच. तिची कसली तयारी? तू बाकीच्या विषयांकडे बघ.’ तिने आमचे ऐकले. निकाल लागला तेव्हा सर्वांत कमी गुण मराठीत होते, आणि त्या गुणांनीच तिचे इच्छित महाविद्यालय हुकले. ती रागावली नाही, हे आम्हांस अधिक लागले. ती एवढेच म्हणाली, ‘काका, शब्द सगळे ओळखीचे होते. पण वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत मी सुरुवात विसरत होते.’

या एका वाक्याने आमची झोप उडविली. मुलीची मराठी कच्ची नव्हती. तिची बोलण्याची मराठी पक्की होती आणि पाठ्यपुस्तकातील मराठी पाठ होती. अपरिचित गद्य स्वतःच्या बळावर वाचून त्याचा अर्थ लावण्याची सवय मात्र तिला कोणी लावलीच नव्हती. घरची भाषा आणि वाचनाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आईच्या मांडीवर येते, दुसरी बसून मिळवावी लागते. आमचा वाचनवर्ग या चुकीतून सुरू झाला.

वर्ग सुरू झाल्यावर पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी, की दिल्लीत वाढणाऱ्या आपल्या मुलांना तीन भाषा येतात आणि तिन्हींत त्यांचे वाचन उथळ असते. घरी मराठी, सरोजिनी नगरच्या बाजारात हिंदी, शाळेत इंग्रजी. प्रत्येकीतील कामापुरते येते. यात मुलांचा दोष नाही, आणि तीन भाषा येणे हे वैगुण्य तर मुळीच नव्हे. पण एक धोका आहे. हिंदी आणि मराठी यांची लिपी एक आणि पुष्कळ शब्दही एकच, त्यामुळे मूल बेसावध राहते. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत शिक्षा म्हणजे दंड. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदीतील ‘आपत्ति’ ही हरकत, मराठीतील आपत्ती हे संकट. हिंदीत ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती, मराठीत नव्या ज्ञानाचा शोध. हिंदीत ‘राजीनामा’ हा तडजोडीचा कागद, मराठीत तो पदत्याग. ‘मंत्र्यांनी राजीनामा दिला’ हे वाक्य बातमीत वाचताना मूल चुकणार नाही, परंतु ‘त्याच्या चेष्टेचा परिणाम गंभीर झाला’ येथे आमच्या वर्गातील निम्मी मुले अडखळली. अशा जोड्यांची एक वही आम्ही मुलांकडूनच करवून घेतली. ती आता शंभर शब्दांच्या पुढे गेली आहे. मुलांना या वहीचा अभिमान वाटतो, कारण पुण्या-मुंबईच्या मुलांकडे ती नसते.

दुसरी अडचण वाक्यरचनेची. इंग्रजी वाक्यात कोणी काय केले हे बहुधा आरंभीच कळते. मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी बसते. ‘वडिलांनी सांगितल्यावरून नाइलाजाने गेलेल्या, पण तेथील काम पाहून मनाने तेथेच गुंतलेल्या त्या तरुणाने पुढे तीस वर्षे ती शाळा चालविली’ असे वाक्य आले की इंग्रजी वाचनाची सवय असलेले मूल मध्येच श्वास सोडते. त्या मुलीचे नेमके हेच झाले होते. यावर साधा उपाय असा: लांब वाक्य भेटले की प्रथम शेवटचे क्रियापद पाहावे. ‘चालविली.’ कोणी? तरुणाने. काय? शाळा. हा सांगाडा हाती आला की उरलेले शब्द आपोआप आपापल्या जागी बसतात. त्याचबरोबर वळणाचे शब्द ओळखावयास शिकवावे लागते. ‘तथापि’ आले की लेखक दिशा बदलतो. ‘किंबहुना’ आले की तो आधीचेच अधिक जोराने सांगतो. ‘मात्र’ हा तर फसवा शब्द, तो कधी ‘परंतु’ असतो आणि कधी ‘फक्त’. लेखकाचे मत बहुधा अशा शब्दांच्या आसपास सापडते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. उतारा समजणे हे केवळ वाचनाच्या कौशल्यावर अवलंबून नसते, ते त्या विषयाच्या माहितीवरही अवलंबून असते. अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या दोन अभ्यासकांनी १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सातवी-आठवीच्या चौसष्ट मुलांना त्यांनी बेसबॉलच्या खेळाचे वर्णन वाचावयास दिले. वाचनात कच्ची ठरलेली, पण खेळ जाणणारी मुले त्या वर्णनाच्या आकलनात, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. आपल्याकडे क्रिकेटच्या वृत्तान्ताचा अनुभव याहून निराळा नाही. एरवी वर्तमानपत्राला हात न लावणारा मुलगा सामन्याचा वृत्तान्त घटाघटा वाचतो आणि त्यातील खोचही पकडतो. याचा अर्थ असा, की ज्याला शेती, कायदा, आरोग्य, इतिहास, नाटक, नदी, बाजार यांविषयी थोडे थोडे ठाऊक आहे त्याला कोणताही उतारा सर्वस्वी परका वाटत नाही. हे ज्ञान शेवटच्या महिन्यात कोणत्याही शिकवणीत विकत मिळत नाही. ते वर्षानुवर्षांच्या वाचनातून आणि घरातील बोलण्यातून साठते.

आता प्रत्यक्ष प्रश्न कसा चुकतो ते पाहू. आमच्या वर्गासाठी आम्ही लिहिलेला एक छोटा उतारा वाचून दाखवितो.

‘वाळ्याच्या पडद्यांची जागा कूलरने घेतली, असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः दोघांचे तत्त्व एकच आहे. ओल्या पृष्ठभागावरून कोरडी हवा वाहू लागली की पाण्याचे बाष्प होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतून घेतली जाते. म्हणूनच मे महिन्यात सुखद वाटणारी ही साधने, हवा दमट झाल्यावर, सारखीच निरुपयोगी ठरतात.’

प्रश्न असा: लेखकाचे मुख्य प्रतिपादन कोणते? पर्याय चार. पहिला, वाळ्याचे पडदे कूलरपेक्षा श्रेष्ठ आहेत. दुसरा, दोन्ही साधनांचे तत्त्व एक असल्याने त्यांची मर्यादाही एकच आहे. तिसरा, पावसाळ्यात कूलर बंद ठेवावा. चौथा, वाळ्याचा सुवास मनास प्रसन्न करतो.

बंधुभगिनींनो, वर्गातील बऱ्याच मुलांनी तिसरा पर्याय निवडला. का, असे विचारता उत्तर आले, ‘बाबा असेच म्हणतात.’ बाबांचे म्हणणे खरे आहे, पण लेखकाने ते म्हटलेले नाही. त्याने कारण सांगितले, सल्ला दिला नाही. चौथा पर्यायही जगात खरा आहे, पण उताऱ्यात सुवासाचा उल्लेखच नाही. पहिला पर्याय लेखकाच्या तोंडी नसलेली तुलना त्याच्या गळ्यात बांधतो. दुसरा तेवढा बरोबर. चुकीचे पर्याय बहुधा या तीनच घराण्यांतले असतात: जे जगात खरे पण उताऱ्यात नाही ते, जे उताऱ्याच्या पुढे एक पाऊल टाकते ते, आणि जे उताऱ्यातील शब्द उचलून अर्थ फिरविते ते. कोणता पर्याय बरोबर, याबरोबरच उरलेले तीन का चूक, हे मोठ्याने सांगावयास लावले, की मुलाची प्रगती स्पष्ट दिसू लागते.

येथे एक गोष्ट आमच्या मनात खोल रुजली. उतारा वाचणे म्हणजे घटकाभर स्वतःचे मत बाजूला ठेवून दुसऱ्याचे म्हणणे नीट ऐकून घेणे. आपल्या मंडळाच्या वार्षिक सभा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा गुण किती दुर्मीळ आहे हे सांगावयास नको. समोरचा काय म्हणाला हे न ऐकता तो काय म्हणणार होता याला उत्तर देण्याची सवय मोठ्यांची आहे. मुले ती आपल्याकडूनच उचलतात आणि परीक्षेत तिचा एक गुण वजा होतो.

आता सरावाची पद्धत. १९८४ साली अॅनमरी पॅलिन्कसार आणि अॅन ब्राउन या अभ्यासक विदुषींनी एक रीत मांडली. मुलांच्या लहान गटाने उतारा भागाभागाने वाचावयाचा आणि प्रत्येक भागानंतर चार कामे करावयाची. आतापर्यंतचे सार सांगणे, त्यावर एक प्रश्न काढणे, न कळलेले उलगडून घेणे, आणि पुढे काय येईल याचा अंदाज करणे. ही कामे आधी शिक्षक करून दाखवितो, मग मुले पाळीपाळीने शिक्षकाच्या जागी बसतात. आम्ही चार मुलांचे गट केले आणि चार कामे फिरती ठेवली. आपल्या भजनी मंडळात जसा एक उचलतो आणि बाकीचे धरतात, तसेच हे आहे. यासाठी खर्च शून्य. चार मुले, एक वर्तमानपत्र आणि अर्धा तास, एवढेच भांडवल.

दुसरी सवय पान झाकून सांगण्याची. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली दाखविले, की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, एकदा वाचून आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात तो आठवड्यानंतर अधिक राहतो. परीक्षेत उतारा समोरच असतो, तेव्हा स्मरणाचा प्रश्न तेथे नाही, हे खरे. परंतु आपल्याला नक्की कळले की नुसते डोळे फिरले, हे पान झाकल्यावाचून उमगत नाही, म्हणून ही सवय आम्ही ठेवली. एक परिच्छेद वाचावा, पान झाकावे, दोन वाक्यांत सांगावे. सांगता आले नाही तर पुन्हा वाचावे. आरंभी मुले कंटाळतात, पुढे स्वतःहून करू लागतात.

वेळेची भीती पालकांना फार असते. साठ मिनिटांत पन्नास प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे बहात्तर सेकंद. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या नातलगांची मुले जी एसएटी परीक्षा देतात, तिच्या वाचन-लेखनाच्या भागात चौसष्ट मिनिटांत चौपन्न प्रश्न असतात, तेथेही हिशेब एकाहत्तर सेकंदांचाच येतो. पण थोडे गणित मांडू. अभ्यासक्रमात इंग्रजीचे उतारे तीनशे ते साडेतीनशे शब्दांचे सांगितले आहेत. तीन उताऱ्यांचे मिळून सुमारे एक हजार शब्द झाले. मिनिटाला दीडशे शब्द या सावकाश गतीनेही ते सात मिनिटांच्या आत वाचून होतात. ज्याला पहिल्या वाचनात कळत नाही तो तीनदा वाचतो आणि वीस मिनिटे गमावतो. वेळ वाचनात जात नाही, न कळण्यात जातो. म्हणून घड्याळ लावण्याची घाई करू नये. आधी अचूकपणा, मग गती. परीक्षेपूर्वीच्या दोन-तीन महिन्यांत घड्याळ लावले तरी पुरते.

वजा गुणांविषयीही एक भ्रम दूर करावासा वाटतो. चुकले तर एक गुण जातो या भीतीने मुले प्रश्न सोडून देतात. चार पर्यायांपैकी दोन निश्चित चूक ठरविता आले, तर उरलेल्या दोहोंतील अंदाज सरासरीने दोन गुणांच्या फायद्याचा पडतो. कारण दोनदा असे केले की एकदा पाच मिळतात, एकदा एक जातो, आणि चार गुण दोन प्रश्नांत वाटले जातात. डोळे मिटून ठोकलेला अंदाजही सरासरीने तोट्याचा नाही, पण त्यातून अर्धाच गुण हाती लागतो. तेव्हा पर्याय गाळण्याची कला शिकावी, प्रश्न गाळण्याची नव्हे.

चुकांची वही हे आमचे आणखी एक साधन. तिच्यात प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावयाचे: शब्द अडला, वाक्य अडले, विषय परका होता, की घरचे मत उताऱ्यात घुसविले. महिन्याभरात मुलाला स्वतःचा रोग कळतो. उतारा या शब्दाचा आपल्या भाषेत औषध असाही अर्थ आहे. रोग कळल्यावाचून उतारा लागू पडत नाही, हे वैद्यांना जसे ठाऊक तसे शिक्षकांनाही असावे.

हे सारे मराठी घेणाऱ्यांनाच लागू आहे असे नाही. आपल्याकडील बहुतेक मुले इंग्रजी घेतात, काही हिंदी. रीत तीच. कोणती भाषा घ्यावी याचा निर्णय अभिमानाने करू नये आणि न्यूनगंडानेही करू नये. मुलाला ज्या भाषेतील अपरिचित पान अधिक नीट कळते ती घ्यावी. तथापि कोणत्या विद्यापीठास, कोणत्या अभ्यासक्रमास कोणती भाषा चालते आणि ती बारावीला असावी लागते काय, हे त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत मुलाने स्वतः वाचून पाहावे. ती पुस्तिका हाच परीक्षेचा पहिला उतारा आहे असे आम्ही मुलांना सांगतो. शेजारच्या काकांनी सांगितले म्हणून, किंवा मंडळातल्या आम्हां चौघांनी सांगितले म्हणून, कोणी अर्ज भरू नये. आमच्या सल्ल्याची किंमत एका मुलीने चुकविली आहे.

पालकांना आमची विनंती फार थोडी आहे. नववीपासून आरंभ करावा, बारावीच्या मार्च महिन्याची वाट पाहू नये. रोज पंधरा मिनिटे घरात काहीतरी मोठ्याने वाचले जावे. अग्रलेख चालेल, प्रवासवर्णन चालेल, विजेच्या बिलामागील बारीक अक्षरांतल्या सूचनाही चालतील. वाचून झाल्यावर ‘तुला काय वाटते?’ हे विचारण्यापूर्वी ‘लेखक काय म्हणतो?’ हे विचारावे. आणि मूल वाचीत असताना आपण मोबाइलवर बोट फिरवीत बसू नये.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. फेब्रुवारी २०२५ मध्ये, १९५४ नंतर प्रथमच, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत भरले. तालकटोरा स्टेडियमवर आपण सारे उत्साहाने गेलो, ग्रंथदिंडीत मिरविलो, पिशव्या भरून पुस्तके आणली. त्यांपैकी किती पुस्तकांची पाने आजवर उलटली गेली, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या घरी करावा. भाषेचा दर्जा सरकार ठरविते, पण भाषेचे वाचन घरातच व्हावे लागते. मंडळाच्या कपाटात जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे आहेत. त्यांची किल्ली मिळत नाही अशी तक्रार वर्षानुवर्षे होती. आता ते कपाट रविवारी सकाळी उघडे असते, एवढे आम्ही आपल्याला सांगू शकतो.

काही गोष्टींचे आश्वासन आम्ही देणार नाही. या रीतीने अमुक इतके गुण वाढतील असे आम्ही म्हणणार नाही. काही मुलांचे पुष्कळ वाढले, काहींचे थोडे, एका-दोघांचे मुळीच नाही. परीक्षेच्या दिवशी ताप येतो, संगणक अडतो, मन थाऱ्यावर राहत नाही. एका तासाच्या प्रश्नपत्रिकेवरून मुलाची योग्यता ठरवू नये, हे तर आम्ही पहिल्या दिवशीच फळ्यावर लिहितो. परंतु वाचनाची सवय गुणांसारखी वर्षभरात शिळी होत नाही. पुढे नोकरीचा करार वाचताना, डॉक्टरांचा अहवाल वाचताना, निवडणुकीचा जाहीरनामा वाचताना तीच उपयोगी पडते.

त्या मुलीविषयी आपल्याला उत्सुकता असेल. तिने दुसऱ्या महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि तेथे तिचे चांगले झाले. पुढच्या वर्षी एका रविवारी ती आमच्या वर्गात आली. आम्हांस वाटले, भेटावयास आली असेल. ती म्हणाली, ‘काका, मी शिकवायला बसू का? कुठे अडतं ते मला माहीत आहे.’ तेव्हापासून लांब वाक्ये सोडविण्याचा भाग तीच घेते. शेवटचे क्रियापद आधी पाहण्याची युक्ती, जी आम्ही आपल्याला मघाशी आमची म्हणून सांगितली, ती वस्तुतः तिची आहे.

या वसाहतीचे नाव झाशीच्या राणीचे. येथील घरे सरकारी, त्यामुळे येथे कोणी कायमचे राहत नाही. निवृत्तीबरोबर क्वार्टर सुटते आणि कुटुंबे द्वारका, नोएडा, गाझियाबाद अशी पांगतात. मेट्रोने आयएनए स्थानकावर उतरून रविवारी पुन्हा येथे येतात ती मंडळाच्या ओढीने. घरे बदलतात, दारावरच्या पाट्या बदलतात. पुढच्या पन्नास वर्षांत मंडळाने मुलांच्या हाती काय ठेवावे, असे आम्हांस कोणी विचारले, तर आम्ही म्हणू: न ओळखीचे पान न घाबरता वाचण्याची सवय. ती बिऱ्हाडाबरोबर हलविता येते आणि तिला ट्रकचे भाडे पडत नाही.

 पुढचा वर्ग येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आहे. मुलांना पाठवावे, आणि जमल्यास स्वतःही यावे. बसावयास सतरंजी पुरेशी मोठी आहे.